कोंब करपले, ग्लासात काय उतरलं? फ्रॉस्टच्या वर्षाची रेड वाइन तपासताना

'त्या वर्षी फ्रॉस्ट पडला होता' एवढं कुणी कानावर घातलं, की बहुतेकांना ग्लासातली वाइन लगेच हिरवट, आंबट आणि पातळ लागायला लागते. नवख्यांची पहिली चूक इथेच होते. फ्रॉस्टला, म्हणजे दव गोठवणाऱ्या थंडीला, स्वतःची चव नसते. वसंतात जळालेला कोंब द्राक्ष देतच नाही, मग त्याची चव बाटलीत येणार कुठून? बाटलीत येतात ते वाचलेल्या कोंबांचे घड आणि मागाहून फुटलेल्या कोंबांचे घड. या दोघांची सरमिसळ झाली का, किती झाली, आणि वाइनमेकरने ती किती निवडून काढली, हे तपासायचं असतं. त्यामुळे ग्लासात थंडी शोधू नका, असमान पिकलेपणा शोधा.

आधी हे विचारा: थंडी कधी पडली?

'फ्रॉस्टचं वर्ष' या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी कोंबल्या जातात.

पहिली ऐन हिवाळ्यातली. वेल झोपेत असताना ती बरीच थंडी सोसते, पण पारा शून्याखाली पंधरा-वीस अंशांपर्यंत गेला की खोडच फुटतं. फेब्रुवारी १९५६ मध्ये फ्रान्समधल्या बोर्डोत असंच झालं. पोमरोल आणि सेंत-एमिलियों भागांत वेलीच्या वेली मेल्या आणि पुन्हा लावाव्या लागल्या. अशा थंडीचा परिणाम त्या वर्षाच्या चवीवर कमी आणि पुढच्या काही वर्षांवर जास्त दिसतो, कारण तेव्हाची वाइन कोवळ्या वेलींची असते.

दुसरी वसंतातली, वेलीच्या काडीवरचे डोळे फुटल्यानंतरची. गाजलेली वर्षं बहुतेक याच प्रकारातली: बोर्डोत एप्रिल १९९१, बरगंडीत एप्रिल २०१६, पुन्हा बोर्डोत एप्रिल २०१७, आणि एप्रिल २०२१ मध्ये फ्रान्सचा मोठा भाग. फुगलेला डोळा उणे तीन-साडेतीन अंशांपर्यंत तग धरतो. कोवळं पान उलगडलं की उणे दोनच्या आसपासही करपतं. पाला ओला असेल तर नुकसान आणखी वाढतं.

तिसरी शरदातली, काढणीच्या तोंडावरची. हिच्यात घड वाचतात पण पानं मरतात. पान मेलं की साखर तयार होणं थांबतं. हिची लक्षणं वेगळी आहेत, त्यांच्याबद्दल पुढे.

हातातल्या बाटलीमागे यातला कोणता प्रकार आहे, हे कळल्याशिवाय बूच काढण्यात अर्थ नाही. लेखात यापुढे मुख्यतः वसंतातला फ्रॉस्ट धरला आहे.

एका डोळ्यातले तीन कोंब

वेलीच्या काडीवरच्या प्रत्येक डोळ्यात तीन कोंब दडलेले असतात: मुख्य, दुय्यम आणि तिसरा. एरवी मुख्य कोंब फुटतो आणि बाकीचे दोन झोपून राहतात. मुख्य कोंब गोठून मेला की दोन-तीन आठवड्यांनी दुय्यम कोंब जागा होतो. त्यावर घड कमी येतात, लहान येतात, काही जातींत जवळजवळ येतच नाहीत. तिसऱ्या कोंबावर बहुधा नुसता पाला येतो.

आता काढणीच्या वेळचं चित्र डोळ्यांसमोर आणा. मळ्याच्या उंच भागातल्या वेलींना काहीच झालेलं नाही. सखल भागातल्या वेलींवर फक्त दुसऱ्या फुटीचे घड आहेत आणि ते दोन-तीन आठवडे मागे आहेत. मधल्या पट्ट्यात तर एकाच वेलीवर दोन्ही आहेत, काळाभोर पिकलेला घड आणि त्याच्या शेजारी अर्धा लाल, अर्धा हिरवा. पूर्ण वाचलेल्या किंवा पूर्ण जळालेल्या मळ्यापेक्षा हा मधला पट्टा वाइनमेकरला जास्त छळतो. काढणी लवकर केली तर दुसरी फूट कच्ची, थांबलं तर पहिली फूट जास्त पिकून मुरंब्यासारखी होते.

म्हणूनच 'पीक कमी म्हणजे रस दाट' हा हिशोब फ्रॉस्टच्या वर्षी बिनधास्त लावता येत नाही. कधी तो बरोबर ठरतो. १९४५ मध्ये बोर्डोत मे महिन्याच्या सुरुवातीला फ्रॉस्ट पडला, पीक अगदी थोडं आलं, पुढे उन्हाळा कडक आणि कोरडा गेला, आणि त्या वर्षाच्या वाइन शतकातल्या उत्तम वाइनमध्ये गणल्या जातात. पण घड थोडे आणि मुळं तितकीच, तेव्हा वेलीची सगळी ताकद पाल्यातही जाऊ शकते. दाट पाल्याच्या सावलीत राहिलेला घड उलट जास्त हिरवट होतो. उन्हाळा कसा गेला, हे विचारल्याशिवाय एप्रिलच्या रात्रीवर निकाल देऊ नये.

बाटली उघडण्याआधीची चौकशी

लेबलवर मद्यार्क किती, ते बघा. युरोपीय संघात हा आकडा पूर्ण किंवा अर्ध्या टक्क्यात छापतात आणि त्यात अर्ध्या टक्क्याची सूट असते. त्यामुळे '१३' म्हणजे साडेबारा ते साडेतेरा यांतलं काहीही असू शकतं. एकट्या आकड्यावरून काही ठरवू नका. त्याच उत्पादकाच्या मागच्या-पुढच्या वर्षांशी ताडून बघा.

मग ब्लेंड, म्हणजे द्राक्षांच्या जातींचं मिश्रण. मर्लोचे डोळे कॅबर्ने सोव्हिन्योंच्या आधी फुटतात, त्यामुळे लवकरच्या फ्रॉस्टमध्ये मर्लो जास्त सापडतो. त्या वर्षी ब्लेंडमध्ये कॅबर्नेचं प्रमाण वाढलं असेल, तर वाइन नेहमीपेक्षा ताठ आणि साल-बियांतल्या टॅनिनमुळे तुरट लागेल. हा कच्चेपणा नव्हे, प्रमाण बदललंय. हे न बघता 'फ्रॉस्टने टॅनिन कडक केलं' असं लिहिणारे पुष्कळ भेटतात.

मळा कुठे आहे, हेही पाहा. शांत, निरभ्र रात्री थंड हवा पाण्यासारखी उतारावरून वाहते आणि खोलगट जागी साचते. उतारावरचा मळा सुटतो, तळाचा जळतो. मोठ्या पाण्याकाठची हवाही थोडी उबदार राहते. १९९१ आणि २०१७ या दोन्ही वर्षी बोर्डोत जिरोंद नदीमुखाला लागून असलेले मेदोकमधले मळे बरेचसे वाचले, आणि तिथून आत किंवा उजव्या तीरावर, म्हणजे पोमरोल आणि सेंत-एमिलियोंच्या बाजूला, मोठं नुकसान झालं. एकाच गावात, एकाच वर्षी, एक बाटली फ्रॉस्टची आणि दुसरी नाही, असं सहज होतं.

उत्पादकाची माहिती किंवा विक्रेता हाताशी असेल तर चार प्रश्न विचारा. किती टक्के पीक गेलं? दुसऱ्या फुटीचे घड वापरले की टाकून दिले? जळालेल्या वेलींना खूण करून त्यांची काढणी वेगळी केली का? द्राक्षं विकत घेतली का? शेवटच्या प्रश्नाला लोक बिचकतात. पण पीक बुडालं की काही उत्पादक त्या वर्षापुरती दुसऱ्याची द्राक्षं घेतात, आणि मग नेहमीच्या नावाखाली वेगळ्याच मातीची वाइन ग्लासात येते.

मांडामांड

एकसारखे ग्लास घ्या, निदान तीन. आयएसओचा प्रमाणित टेस्टिंग ग्लास २१५ मिलिलिटरचा असतो आणि त्यात ५० मिलिलिटर ओततात. तो नसेल तर वर निमुळता होणारा कोणताही पातळ काचेचा ग्लास चालेल, फक्त सगळे सारखे हवेत. खाली पांढरा कागद, बाजूला साधं पाणी आणि थुंकायला भांडं.

तापमान १६ ते १८ अंश. याकडे दुर्लक्ष झालं तर पुढचं सगळं वाया जातं. वाइन १२-१३ अंशांवर असेल तर टॅनिन कडक आणि आंबटपणा टोकदार लागतो, आणि तुम्ही चांगल्या वाइनला कच्ची ठरवाल. २० अंशांच्या वर गेली की मद्यार्क नाकात शिरतो आणि फळ मऊ पडतं. ग्लासात थर्मामीटर घालून बघायला लाजू नका.

तुलनेसाठी दुसरी बाटली हवीच: तोच उत्पादक, तीच वाइन, शेजारचं फ्रॉस्ट नसलेलं वर्ष. ती मिळाली नाही तर त्याच भागातली, त्याच जातीची दुसरी. फ्रॉस्टच्या वर्षाची एकटी बाटली तपासून नवख्याला फारसं काही कळत नाही. जे लागतंय ते त्या वर्षाचं, की त्या घराच्या नेहमीच्या शैलीचं, हे कशावरून ओळखणार?

नाक तयार करा

कच्च्या कॅबर्नेचा हिरवा वास मुख्यतः मेथॉक्सिपायराझिन गटातल्या एका संयुगाचा असतो. ढोबळी मिरचीचा वासही त्याचाच. रेड वाइनमध्ये लिटरला १० ते १५ नॅनोग्रॅम, म्हणजे ग्रॅमचे अब्जावे भाग, एवढ्यावर तो नाकाला कळू लागतो.

ओळख करून घ्यायची सोपी रीत अशी. वास न मारणारी, साधी, फळाळ रेड वाइन १०० मिलिलिटर घ्या. तिचे दोन भाग करा. एका भागात हिरव्या ढोबळी मिरचीचा सेंटिमीटरभर तुकडा चिरडून टाका आणि ग्लास बशीने झाका. पंधरा मिनिटांनी तुकडा काढा आणि दोन्ही ग्लास आळीपाळीने हुंगा. मग मिरचीचा भाग साध्या वाइनमध्ये थोडा थोडा मिसळत जा आणि वास कुठे जाणवू लागतो, ते बघा. स्वतःच्या नाकाची पट्टी अशी एकदा कळली की पुढे अंदाजपंचे बोलावं लागत नाही.

टॅनिनसाठी बिनसाखरेचा, बिनदुधाचा काळा चहा पुरतो. एक कप तीन मिनिटं मुरवलेला, एक दहा मिनिटं. दुसऱ्यात जो कडवट, जीभ खरवडणारा तुरटपणा येतो, तो लक्षात ठेवा.

पायरी पहिली: रंग

यात वेळ घालवू नका. ग्लास तिरका करून कडेचा रंग बघा. शेजारच्या वर्षापेक्षा रंग उघडा असेल, तर सालीतला रंग कमी उतरला एवढाच अर्थ. साल पूर्ण पिकली नसेल, किंवा वाइनमेकरने कच्च्या बिया टाळायला मुद्दाम हलका हात ठेवला असेल. दुसरं कारण खरं तर शहाणपणाचं आहे. उलट गडद रंग म्हणजे पिकलेली वाइन, असंही नाही.

पायरी दुसरी: वास

आधी ग्लास न हलवता हुंगा, मग गोल फिरवून. दोन्ही वेळा पहिल्या पाच सेकंदांत जे आलं तेच लिहा. नंतर नाक सरावतं आणि आपण कल्पनेने भर घालू लागतो.

पहिला प्रश्न: हिरवा वास आहे का? ढोबळी मिरची, टोमॅटोचं पान, वाटाण्याची शेंग, नुकतं कापलेलं गवत, हे सगळे एकाच घरातले. असेल तर दुसरा प्रश्न, आणि तोच जास्त महत्त्वाचा: त्या हिरव्यासोबत कोणतं फळ आहे? हिरव्यासोबत आंबट लाल फळ, म्हणजे कच्ची चेरी किंवा लाल करंट, आलं तर सगळं पीकच थोडं कमी पिकलंय. थंड वर्षांत हे फ्रॉस्टशिवायही होतं. पण एकाच ग्लासात ढोबळी मिरची आणि शिजवलेल्या काळ्या फळांचा मुरंबा दोन्ही असतील आणि ते एकमेकांत न मिसळता वेगवेगळे उभे असतील, तर दोन फुटींचे घड एकत्र काढल्याचा संशय घ्यायला जागा आहे. फ्रॉस्टच्या वर्षात जी खूण शोधायची ती हीच.

हिरवा वास दिसला की लगेच फ्रॉस्टला आरोपी करू नका. संशयित बरेच असतात.

कॅबर्ने फ्रां आणि कार्मेनेर या जातींच्या स्वभावातच थोडा पालेदारपणा आहे. पिनो न्वार आणि सिराहमध्ये हे पायराझिन जवळजवळ नसतंच. त्यांच्यात हिरवट वास आला तर देठासकट घड आंबवल्याचा तो परिणाम असू शकतो, आणि तो मिरचीपेक्षा ओल्या काडीकडे, चहापत्तीकडे झुकतो. काढणीत ढालकिडे घडांसोबत चिरडले गेले तरी मिरची आणि कच्च्या शेंगदाण्यासारखा वास उतरतो. पुदिना किंवा निलगिरीसारखा थंड वास हा कच्चेपणा नव्हे. आणि फळाचा वासच दबलेला असेल, वर ओल्या पुठ्ठ्यासारखं काही येत असेल, तर बूच बिघडलंय. ती बाटली तपासणीतून बाद करा आणि दुसरी उघडा.

ओकच्या लाकडी पिंपाचा वासही नोंदवा. व्हॅनिला, नारळ, भाजलेली कॉफी हे फळाच्या वर चढून बसले असतील, तर खाली काय झाकलंय, हे तोंडात घेतल्यावर कळेल.

पायरी तिसरी: तोंडात

घोट १० ते १५ मिलिलिटरचा. तोंडभर फिरवा, थोडी हवा आत ओढा, दहा सेकंदांनी थुंका. एका घोटात सगळं शोधायला जाऊ नका. प्रत्येक घोटाला एकच प्रश्न.

पहिला घोट आंबटपणासाठी. थुंकल्यावर मान थोडी पुढे झुकवा आणि लाळ किती सुटते ते बघा. इथे एक गंमत आहे. कच्च्या द्राक्षात मॅलिक आम्ल जास्त असतं, पण बहुतेक रेड वाइनमध्ये जिवाणू त्याचं सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर करतात. एक ग्रॅम मॅलिकचं साधारण ०.६७ ग्रॅम लॅक्टिक होतं, बाकीचा कार्बन डायऑक्साइड उडून जातो. त्यामुळे कच्चेपणा असलेली वाइन दर वेळी आंबट लागेलच असं नाही. हिरवी असूनही मवाळ, जराशी बसलेली वाइन सापडली तर गोंधळू नका.

दुसरा घोट मधल्या भागासाठी. मनात सेकंद मोजा. पहिल्या एक-दोन सेकंदांत फळ येतं, शेवटी टॅनिन आणि मद्यार्क येतात. मधल्या तीन-चार सेकंदांत काय आहे? काहीच नसेल, चव सुरुवातीवरून थेट शेवटावर उडी मारत असेल, तर वाइन मधे पोकळ आहे. त्यावर जाडजूड ओक चढवलेला असेल तर बडा घर पोकळ वासा. फ्रॉस्टच्या वर्षी हा प्रकार नेहमीचा आहे, कारण कमी पिकलेला रस असला तरी पिंपं तीच, नेहमीची, नवी वापरली जातात.

याच घोटात मद्यार्क बघा. कमी पिकलेल्या रसात आंबवण्याआधी साखर घालण्याची मुभा युरोपच्या थंड भागांत आहे. लिटरला साधारण १७ ग्रॅम साखर घातली की मद्यार्क एक टक्क्याने वाढतो. ती सगळी साखर आंबून जाते, त्यामुळे गोडवा उरत नाही. घशात ऊब आहे, पण जिभेवर अंग नाही, असा विसंवाद जाणवला तर त्याची नोंद करा. 'साखर घातली आहे' असं मात्र लिहू नका. जिभेने ते सिद्ध होत नाही.

तिसरा घोट टॅनिनसाठी, आणि इथे घाई नको. थुंका, दहा सेकंद थांबा, जीभ दातांच्या मागून आणि हिरड्यांवरून फिरवा. पिकलेलं टॅनिन हिरड्यांना पकडतं, मग लाळ परत येते आणि पकड सुटते. कच्चं टॅनिन, विशेषतः हिरव्या बियांतून उतरलेलं, जीभ कोरडी करतं, आणि तीस सेकंदांनंतरही दहा मिनिटं मुरलेल्या चहासारखा कडवटपणा मागे राहतो. टॅनिन किती आहे, यापेक्षा ते सुटतं का, हे विचारा. पुष्कळ टॅनिन असून सुटसुटीत असलेली वाइन ठीक आहे. थोडंसंच टॅनिन, पण जिभेला चिकटून बसलेलं, ही वाईट खूण.

एक उदाहरण

समजा दोन ग्लास आहेत. मर्लो आणि कॅबर्नेचं ब्लेंड, एकच उत्पादक, डावीकडे फ्रॉस्टचं वर्ष, उजवीकडे त्याच्या आधीचं. नोंदी अशा निघाल्या:

डावा: रंग मध्यम. वासात लाल चेरी, टोमॅटोचं पान पुसटसं, ओक मागे. आंबटपणा ताजा. मधला भाग सडपातळ, पण सलग. टॅनिन कमी, दहा सेकंदांत सुटतं. मद्यार्क १२.५, जाणवत नाही.

उजवा: रंग गडद. काळी फळं, ओक बरोबरीने. मधला भाग भरलेला. टॅनिन भरपूर, वीस सेकंदांत सुटतं. मद्यार्क १४.

नवखा डावीकडे 'कमजोर वर्ष' लिहून मोकळा होईल. नीट वाचलं तर डावी वाइन सडपातळ आहे, कच्ची नाही. कुठे तुटलेली नाही, कडवट नाही, मद्यार्क अंगाला साजेसा आहे. वाइनमेकरने दुसऱ्या फुटीचे घड बहुधा बाजूला ठेवले आणि हलक्या रसाला हलकंच वागवलं. ती लवकर पिण्याजोगी, चांगली वाइन आहे.

आता डावीकडच्या नोंदीत फक्त तीन गोष्टी बदला: वासात मुरंबा आणि मिरची शेजारी शेजारी, मधे खड्डा, टॅनिन तीस सेकंदांनंतरही कडवट. मद्यार्क तोच, रंग तोच, वर्षही तेच. पण ही वाइन फसलेली आहे. फ्रॉस्ट दोन्हीकडे सारखाच पडला होता.

पायरी चौथी: मनाची खोट काढा

वर्ष ठाऊक असताना जीभ पक्षपाती होते. म्हणून शेवटी बाटल्या कापडात गुंडाळून दुसऱ्या कुणाला तरी तीन ग्लास भरायला सांगा: दोनांत एक वाइन, तिसऱ्यात दुसरी. वेगळा ग्लास ओळखायचा. असं पाच वेळा करा, दर वेळी क्रम बदलून. नुसत्या अंदाजाने पाचांपैकी चार किंवा जास्त वेळा बरोबर येण्याची शक्यता साडेचार टक्क्यांच्या आसपास आहे. तेवढं जमलं तर फरक खरा मानायला हरकत नाही. दोन-तीनच बरोबर आले तर आधी लिहिलेला 'हिरवट' हा शब्द खोडा. रंगात फरक असेल तर दिवे मंद करा, नाहीतर डोळेच उत्तर देतील.

पायरी पाचवी: हवा आणि दुसरा दिवस

बाटली उघडल्याबरोबर अर्धी वाइन स्वच्छ ३७५ मिलिलिटरच्या बाटलीत काठोकाठ भरून बंद करा आणि थंड जागी ठेवा. उरलेली अर्धी तशीच बाटलीत राहू द्या. अर्ध्या तासाने, दोन तासांनी आणि दुसऱ्या दिवशी चव घ्या.

हवेने काय जातं आणि काय जात नाही, हे कळणं हा या पायरीचा फायदा. काडी पेटवल्यासारखा किंवा सडक्या अंड्यासारखा गंधकाचा वास बहुधा उडतो. दबलेलं फळ वर येतं. मिरचीचा वास मात्र जात नाही. दुसऱ्या दिवशी फळ ओसरल्यावर तो उलट जास्त उघडा पडतो. बंद बाटलीत वर्षानुवर्षं ठेवूनही तो फारसा कमी होत नाही. त्यामुळे 'ठेवली तर हिरवेपणा जाईल' असं कुणी म्हणालं तर मान डोलावू नका.

ठेवायची की प्यायची, हे ठरवताना टॅनिन आणि फळ यांची शर्यत बघा. टॅनिन काळाने मवाळ होतं, पण फळही विरतं. मधला भाग भरलेला आणि टॅनिन सुटणारं असेल तर थांबा. मधे पोकळ आणि टॅनिन कडवट असेल तर टॅनिन मवाळ होईपर्यंत फळ उरणार नाही. सडपातळ पण सलग वाइन लवकर संपवलेली बरी.

शरदातल्या फ्रॉस्टची वेगळी लक्षणं

इथे दोन फुटींचा प्रश्न नसतो. पानं मेल्यावर मणी पिकणं थांबवतात, पण सुकत राहतात. पाणी उडाल्याने साखरेचा आकडा चढतो, म्हणून मद्यार्क ठीक दिसतो. साल आणि बी मात्र होती तिथेच अडकलेली असते. ग्लासात हे असं दिसतं: मद्यार्क भरपूर, आंबटपणाही तीक्ष्ण, टॅनिन कच्चं. गोठून फुटलेल्या मण्यांचा रस हवेला उघडा पडतो, त्यातून तपकिरी छटा आणि कापून ठेवलेल्या सफरचंदाचा वास येऊ शकतो. यंत्राने काढणी झाली असेल तर करपलेल्या पानांचा चुरा रसात जातो आणि वाळलेलं गवत, शिजवलेली पालेभाजी अशा वासांनी आपली हजेरी लावतो.

गोठलेल्या द्राक्षांची मुद्दाम केलेली आइस वाइन हा निराळा प्रकार. कॅनडात ती कॅबर्ने फ्रांचीही करतात, पण तिथे द्राक्ष पिकल्यावर उणे आठ अंशांना वेलीवर गोठवायचं असतं. तिला या फूटपट्टीने मोजू नका.

पुढच्या वर्षाची बाटलीही पाहा

वसंतात जळालेल्या वेलीवर पुढच्या छाटणीसाठी चांगल्या काड्या कमी उरतात. नको त्या जागी फुटलेल्या, बारीक काड्यांवर काम भागवावं लागतं आणि पुढच्या हंगामात डोळे एकसारखे फुटत नाहीत. म्हणून फ्रॉस्टनंतरच्या वर्षाची बाटली, थंडीची बातमी कुठेच नसताना, असमान लागली तर बाटलीवरचं वर्ष एकाने मागे नेऊन तेव्हाचा एप्रिल कसा गेला होता, ते शोधा. दोन्ही बाटल्या शेजारी ठेवून तिसऱ्या घोटाची परीक्षा पुन्हा करा: दहा सेकंद, मग तीस.